वजन, कपासकट

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार घालायची फार इच्छा आहे, पण पेट्या उचलून (कसल्या पेट्या ते पुढे येईलच) कंबर अशी काही धरली आहे की एकदा आडवी झाले तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला असं समज, आशीर्वाद मात्र पूर्ण लांबीचा दे. तुझा खोकला गेला का? कानाचं यंत्र वापरतेस, की अजून डबीत ठेवून नुसती त्याची निगा राखतेस? समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंशी बोलणं सुरू झालं का? (नसेल झालं तर घाई करू नकोस. चूक त्यांचीच होती. भांडण कशावरून झालं ते मला आठवत नाही, पण चूक त्यांचीच होती.) इकडे मी बरी आहे. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते. फोनवर मी जरा रंगात आले की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

आमच्या वृद्धनिवासाला नव्या व्यवस्थापकबाई आल्यात. त्या आधी एका मोठ्या रुग्णालयाच्या भटारखान्याचं काम बघायच्या. शिडशिडीत बांधा, आवाज हळू, आणि खिशाला तीन पेनं, आणि मावशी, तिन्ही चालतात. अशा माणसाची मला भीती वाटते. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातली बरणी न् बरणी उघडून बघितली, कुठे नाक मुरडलं नाही, मला, स्वयंपाकिणीला, "तुम्ही" म्हणाल्या, आणि मी मनात म्हटलं, चला, बरं माणूस दिसतंय. मग त्यांनी आठवड्याची फळांची मागणी लिहायला घेतली आणि विचारलं, "शिजवलेल्या फळांना किती फळं लागतात?" आता हा पदार्थ तुझा. तुझ्या ओट्याशी उभं राहून शिकलेला, तोंडपाठ. मी घडाघडा सांगितलं, "सहा माणसांना चार कप सफरचंद, दोन कप चेरी, दीड कप प्लम, कपभर साखर."

"कप नको. ग्रॅममध्ये सांगा."

"अहो बाई, फळं काय नेहमी एकाच वजनाची असतात?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आमच्याकडे चाळीस माणसं. त्यातल्या बऱ्याच जणांना साखरेचा आजार. डॉक्टर लिहून देतात, यांना एवढे ग्रॅम फळ, त्यांना तेवढे. डॉक्टर काही "अर्धा कप, जरा हात राखून" असं लिहीत नाहीत. शिवाय फळवाला किलोने देतो. आजवर मी अंदाजाने मागवायचे. कधी उरायचं, कधी शेवटच्या टेबलाला पोचेपर्यंत नुसता रस राहायचा आणि ती मंडळी माझ्याकडे अशी बघायची की मी त्यांच्या तोंडचा घास काढला. बाईंनी सरळ सांगितलं, वजनं लिहून द्या, नाहीतर डबाबंद फळं मागवू, डब्यावर वजन छापलेलं असतं. डबाबंद! मावशी, तू कधी खाल्ली आहेस ती? सगळी फळं एकाच चवीची, आणि ती चव डब्याची. मी म्हटलं, उद्या देते वजनं. (असं म्हणताना मी पदराने हात पुसत होते, म्हणजे आवाज ठाम होता पण हात ओले होते.)

आता मध्येच एका माणसाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे एक आजोबा आलेत. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. नजर अधू झाली, दुकान बंद करावं लागलं, आणि मुलीने इथे आणून सोडलं (वाईट नाही ती, जाताना फाटकाशी उभी राहून रडत होती). स्वभावाने लोण्याहून मऊ. फक्त जेवत नाहीत. म्हणजे भांडण नाही, नखरे नाहीत. ताट समोर आलं की हात जोडतात आणि सुरुवातीच्या आधीच म्हणतात, "झालं माझं." चहा आणि पावाचा एक तुकडा यावर माणूस किती दिवस काढणार? सदरा अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसायला लागला. मी काय काय करून बघितलं विचारू नकोस. बाईंनी तर, खोटं कशाला बोलू, स्वतः शेजारी बसून चमचा हातात घेऊन आर्जवं केली. आजोबा त्यांनाही म्हणाले, "तुम्ही दमलात, तुम्ही जेवा." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर रुग्णालयात हलवावं लागेल. तर हे असं होतं, आणि त्यात माझ्या डोक्यावर ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला त्यांचा काटा आणून दिला. पांढरा, चपटा, पाटासारखा, वर काचेत आकडे उमटतात. तो कसा वापरायचा हेही नीट समजावून सांगितलं. पण त्याच वेळी दूध उतू जायला आलं होतं, त्यामुळे माझा एक कान दुधाकडे होता, आणि दुसऱ्या कानाने मी फक्त "हो, हो" म्हणत होते. मग मी दार लावून घेतलं, पदर खोचला आणि मोजायला बसले.

मावशी, तू आयुष्यभर "कपभर सफरचंद" म्हणत आलीस, तुला कधी प्रश्न पडला नाही का की कपभर म्हणजे काय? मी सफरचंदाच्या मोठ्या फोडी केल्या आणि कप भरला. फोडींच्या मध्ये एवढ्या पोकळ्या की आत उंदीर राहील. तेच सफरचंद बारीक चिरलं, तर कप भरायला आणखी अर्धं लागलं. जरा दाबलं तर आणखी दोन फोडी मावल्या. किसलं तर कप भरेचना, फळ नुसतं गडप होत होतं. सालासकट वेगळं, सोलून वेगळं. प्लम अख्खे घातले तर कपात मोजून तीन बसतात आणि चौथा वर बसून आपल्याकडे बघतो. चेरीचं तर विचारूच नको: देठ काढून की देठासकट, बी काढून की बीसकट, आणि बी काढलेली चेरी अंग टाकते, कपात चपटी बसते, म्हणजे जास्त मावतात. एका पदार्थाचा कप मला एवढ्या प्रकारांनी भरता येईल हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. शेवटी ठरवलं की आपण रोज चिरतो तशाच फोडी, न दाबता, काठोकाठ. तुझ्याकडून मी आणलेला तो पांढरा जाड कप घेतला, म्हणजे माप तुझंच, त्यात वाद नको. एकेक फळ भरलं, काट्यावर ठेवलं आणि आकडा लिहिला.

सफरचंद चारशे पंच्याहत्तर. चेरी पाचशे पाच. प्लम पाचशे पंधरा.

मी आकडे बघितले आणि मला फार समाधान वाटलं. सगळी फळं जवळजवळ सारख्याच वजनाची निघाली! मला वाटलं, निसर्गात न्याय आहे. (यावरून मला शंका यायला हवी होती. हाताला सफरचंदाच्या फोडी हलक्या लागतात आणि प्लम जड, हे मला कळत होतं. पण काचेत आकडा लिहून आला की आपला हात खोटा वाटायला लागतो, ते काय असतं कोण जाणे.) मग चाळीस माणसांचा आणि आठवड्यातल्या सगळ्या वेळांचा गुणाकार केला, पुन्हा तपासला, आणि सांगते, गुणाकार एकदम बरोबर होता. बाईंनी कागद बघितला, भुवया किंचित वर गेल्या, पण मी एवढी ठाम दिसत होते की त्यांनी सही केली. नवीन माणूस, जुन्या स्वयंपाकिणीला पहिल्याच आठवड्यात कशाला खोटं पाडायचं, असा विचार केला असणार. फळवाल्याने मात्र फोन करून विचारलं, "ताई, एवढं? कुणाचं काही कार्य आहे का?" मी म्हटलं, आमच्याकडे आता शास्त्रोक्त काम चालतं, तुम्ही आपलं माल पाठवा.

माल आला. सकाळी दार उघडलं तर पेट्याच पेट्या. ओसरीत पेट्या, जिन्याखाली पेट्या, जेवणघराच्या दाराशी एकावर एक अशा रचलेल्या की आत जायला तिरकं व्हावं लागत होतं. एकट्या चेरीच एकवीस किलो. मी धावत जाऊन काटा काढला, घाबरल्या घाबरल्या मोकळाच कप त्यावर ठेवला, आणि काचेत आकडा उमटला: साडेतीनशे.

मोकळा कप, मावशी. साडेतीनशे ग्रॅम. तुझ्या त्या कपाने एखाद्याला मारलं तर खोक पडेल इतका तो जाड आहे. मी प्रत्येक कपभर फळांबरोबर एक कपही चाळीस माणसांना खाऊ घालायला निघाले होते. कप ठेवून बटण दाबायचं, म्हणजे काटा पुन्हा शून्यावर येतो, आणि मग फळं घालायची, हे बाईंनी सांगितलं होतं, ते दुधाबरोबर उतू गेलं. खरं वजन काढलं तर सफरचंद सव्वाशे, चेरी एकशे पंचावन्न, प्लम एकशे पासष्ट. म्हणजे तिपटीहून जास्त मागवलं होतं मी.

बाई आल्या. तिरक्या होऊन आत आल्या. मी जे झालं ते सरळ सांगितलं, कप पुढे धरला, कारण पुरावा तोच होता. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप हातात घेतला, तोलून बघितला आणि म्हणाल्या, "खरंच जड आहे हो." बस. मग पेट्यांपाशी वाकून एक चेरी दाबून बघितली आणि त्यांचाही चेहरा उतरला. पिकलेला माल. फळवाला परत घेईना, त्याचंही बरोबर, मीच शास्त्रोक्त मागवलं होतं. सफरचंदं टिकली असती, पण चेरी आणि प्लम दोन दिवसांत कामातून गेले असते. आणि बाईंची नोकरी नवी. वर संस्थेची माणसं बसलेली, ती विचारणार की पहिल्याच आठवड्यात ही नासाडी कसली. माझं काय, मला रागावून सोडून दिलं असतं. त्यांच्यावर येत होतं सगळं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला बोलायला सुचतं, म्हणून मी म्हटलं, "बाई, आपल्याकडे ऐंशी हात रिकामे बसलेत की."

जेवणघरातली टेबलं जोडली, त्यावर जुन्या चादरी घातल्या आणि सगळ्या आजी-आजोबांना बोलावलं. कुणी देठ काढायचे, कुणी बिया, कुणी फोडी करायच्या, मी आणि माझी मदतनीस शिजवून बरण्या भरणार. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना आपण होऊन देखरेखीचं काम मिळालं (म्हणजे त्यांनी घेतलं). कामाच्या वेळी खायचं नाही, असा नियमही त्यांनी जाहीर केला. पहिल्यांदा सगळे कुरकुरले, मग एकाने गाणं म्हटलं, दुसऱ्याने ते चुकीचं म्हटलं म्हणून तिसऱ्याने सुधारलं, आणि सगळं जेवणघर लालेलाल होऊन कामाला लागलं.

घड्याळजी कोपऱ्यात खुर्चीत बसून होते. त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं, नजर अधू म्हणून. मी त्यांच्या बाजूने पातेलं घेऊन चालले होते तर म्हणाले, "तुमच्या केसांतला आकडा देता का जरा?" मी दिला, धुऊन. त्यांनी तो बोटांनी वाकवला, एक चेरी घेतली, डोळे मिटले, आणि आकडा देठाच्या जागेतून आत घालून बी अलगद बाहेर काढली. चेरी अख्खी, फुटली नाही, रस सांडला नाही. मग दुसरी. मग तिसरी. मी कामाच्या घाईत पुढे गेले. मध्येच एकदा वळून बघितलं तर त्यांनी खुर्ची टेबलाशी ओढून घेतली होती आणि त्यांच्यापुढे वेगळं पातेलं होतं.

संध्याकाळपर्यंत चेऱ्या संपल्या. आता बाईंची खरी मजा. या वेळी वजनं नीट करायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी बीसकट किती मागवलं की बिनबियांचं किती मिळतं ते कळेल. स्वतः बाह्या सरसावून काट्याशी बसल्या. गर मोजला, बिया मोजल्या, देठ मोजले, चादरीवर सांडलेल्या रसाचेही अंदाजे ग्रॅम धरले. बेरीज केली आणि पेन थांबलं. एकवीस किलो आत गेले होते, बाहेर काही ते येईनात. अर्ध्या किलोहून जास्त चेऱ्यांचा पत्ताच नव्हता. बाईंनी पुन्हा बेरीज केली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, या वेळी मी काट्याला हातसुद्धा लावलेला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या की त्यांच्या देखरेखीत एक चेरीही कुणाच्या तोंडात गेलेली नाही, आणि असं म्हणताना त्यांचेच ओठ लाल होते, पण ते आम्ही सोडून दिलं, कारण तो फार तर मूठभर चेऱ्यांचा मामला होता.

मग बाईंनी एकेक पातेलं वेगळं मोजायचं ठरवलं. घड्याळजींच्या पातेल्यापाशी आल्या. तिथे बियांचा ढीग मोठा आणि चेऱ्या कमी. आजोबा हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. त्यांची हनुवटी लाल होती, सदऱ्याची पहिली तीन बटणं लाल होती.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या चेऱ्या कमी आहेत."

"हो. तपासल्या मी."

"तपासल्या म्हणजे?"

"बी पूर्ण निघाली का, कीड आहे का, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही ना. एकेक बघावी लागते."

"इतक्या सगळ्या?"

"घड्याळं पण एकेकच बघायचो," आजोबा म्हणाले, "सगळी मिळून एकदम कशी बघणार?"

मावशी, बाई तिथेच बाकावर बसल्या. हातातलं पेन खाली ठेवलं. आल्यापासून चमचा घेऊन ज्यांच्यामागे फिरल्या त्या माणसाने अर्धा किलोहून जास्त खाल्लं होतं आणि ते त्यांना बेरीज चुकली म्हणून कळलं होतं. मला वाटलं, रडतात की काय. पण त्या पेन पुन्हा उचलून म्हणाल्या, "प्लम राहिलेत अजून. तेही तपासायला हवेत."

आजोबांनी विचार केला. म्हणाले, "आधी थोडं सूप द्या. रिकाम्या पोटी काम होत नाही."

कागदावर बाईंनी "वजनातली घट" यापुढे काय लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: बिया, देठ, रस आणि तपासणी. संस्थेच्या माणसांना त्यातलं काय कळेल ते कळो. बरण्या किती भरल्या ते मी मोजलं नाही. पुढच्या थंडीपर्यंत पुरतील एवढं नक्की, आणि संस्थेची माणसं येऊन दोन दोन वाट्या खाऊन गेली, नासाडी हा शब्द कुणी काढला नाही. डबाबंद फळांचं नाव बंद झालं. (गोष्ट गोड करायला मी हे लपवणार नाही की इतके दिवस रिकाम्या असलेल्या पोटात एवढ्या चेऱ्या गेल्यावर जे व्हायचं ते झालं, दुसरा दिवस घड्याळजींनी धावपळीत काढला, आणि डॉक्टर आम्हा दोघींना यथेच्छ बोलले. पण त्यांनी रुग्णालयाचं नाव मात्र काढलं नाही.) आता आजोबा माझ्या ओट्यापाशी स्टूल घेऊन बसतात, वाटाणे सोलतात, शेंगांच्या शिरा काढतात, आणि जे हाताखालून जातं त्याची तपासणी करतात. सगळं जेवतात असं नाही म्हणणार. पण "झालं माझं" हे आता शेवटी म्हणतात.

आणि मी ग्रॅम शिकले. तुला राग येईल, पण त्यात तथ्य आहे. शेवटच्या टेबलाला आता फळं पुरतात. बाईही थोड्या शिकल्या: परवा मी दूध तापवत होते आणि त्या काही सांगायला आल्या, तर दूध उतरेपर्यंत गप्प उभ्या राहिल्या.

तब्येतीला जप, कानात यंत्र घाल. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा नमस्कार, समोरच्या बाई सोडून.

तुझी भाची,
तू अजून जिला "बारके" म्हणतेस ती (आता दारातून तिरकी झाल्याशिवाय जात नाही, आणि त्याला पेट्या कारण नाहीत)

ता. क. तुझ्या पदार्थाची वजनं तुलाही लिहून ठेवायची असतील तर वर दिलीच आहेत. सफरचंद चिरलेलं, चेरी बिया काढून, प्लम फोडी करून. कप वगळून.

आणखी ता. क. खालच्या मजल्यावरची एक खोली मोकळी झाली आहे. सकाळचं ऊन येतं. मी काही म्हणत नाही, खोली मोकळी आहे एवढंच सांगते.

आणखी एक. तुझ्या लेकाचा, दादाचा, फोन आला होता. तो म्हणाला, आईला तू समजाव, माझं ती ऐकत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मावशीचं मन वळवणं हे काम माझं नाही, आणि मी तिला त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. मी फक्त चेऱ्यांबद्दल लिहीन. ते मी लिहिलं.

शेवटचं, मग खरंच ठेवते. दादा म्हणतो, तू हल्ली एकटीपुरतं काही शिजवत नाहीस, चहा-बिस्किटांवर भागवतेस. खरं आहे का गं? चांगलं शिजवून खा असं लिहिणार होते, म्हणून एका माणसाला किती लागतं त्याचा हिशेब करायला बसले, आणि मावशी, जमेना. चाळीस माणसांचं येतं मला. एक्केचाळीस करायला तर काहीच करावं लागत नाही, पातेलं तेच. महिनाभर नुसतं बघायला ये. बाईंना मी सांगितलंय की तू पाहुणी आहेस, ओट्याकडे फिरकणार नाहीस. त्यांचा विश्वास बसलाय. माझा नाही.